भिजणार तर आहोतच

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा गोव्यात जायचे ठरले की बॅग भरताना घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'असू दे, लागेल.' दुसरा म्हणतो, 'कशाला? तिकडे सगळे मिळते.' पहिल्या पक्षाच्या सामानात माणशी एक रेनकोट, वर छत्री, गमबूट, सहा जोड कपडे, जाड टॉवेल आणि एवढे सगळे भिजले तर म्हणून आणखी एक बॅग असते. दुसरा पक्ष एक सॅक पाठीला लावून निघतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांकडून एकच गोष्ट सुटते. भिजण्याचा विचार दोघेही करतात. एक जण तो फार करतो, दुसरा झटकून टाकतो. भिजलेले वाळणार कसे, याचा विचार फारसा कोणी करत नाही. पावसाळी प्रवासाची गाडी नेमकी तिथेच अडते.

पावसाचे आकडे ऐकून मुंबईकर दचकत नाही. त्याच्याकडेही चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तो तीन हजारांच्या पुढे जातो आणि आंबोलीच्या घाटमाथ्यावर सात हजारांच्या घरात. पण प्रवाशाला छळते ती पडणाऱ्या पाण्याहून हवेतली ओल. जुलैत किनाऱ्यावरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास असते. हवा आधीच पाण्याने भरलेली. तुमच्या शर्टातले पाणी तिने घ्यावे कुठे? त्यात झड लागली की दोन-दोन, तीन-तीन दिवस उघडीप नसते. पडवीतल्या दोरीवर टाकलेला शर्ट सकाळी हाताला गार लागतो. वाळला की नाही हे कळायला तो गालाला लावून पाहावा लागतो. तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येऊ लागतो आणि मग तो वाळला तरी घालवत नाही.

म्हणून कपड्यांचा प्रश्न 'किती' याच्या आधी 'कसले' असा विचारावा. जीन्स घरी ठेवलेलीच बरी, याबद्दल फारसा वाद होऊ नये. भिजलेली जीन्स दोन दिवस वाळत नाही, तिचे वजन होते आणि ती मांड्यांना काचते. खरा वाद सुती विरुद्ध कृत्रिम धाग्याचा आहे. सुती धागा पाणी आत शोषून घेतो. पॉलिस्टर-नायलॉनचा धागा जवळजवळ घेतच नाही. पाणी धाग्यांच्या मधल्या फटींत राहते, पिळले की बरेचसे निघून जाते. त्यामुळे ट्रेकवाले कृत्रिम कापडाची बाजू घेतात ती बरोबर आहे. पण हेच कापड घामाचा वास धरून ठेवते आणि दमट हवेत अंगाला चिकटते. चार तास घाट चढणाऱ्याला ते चालेल. चार दिवस नातेवाइकांच्या ओटीवर बसणाऱ्याला ते नकोसे होईल. मधला मार्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहे, तो म्हणजे पातळ सुती. मलमलीचा कुर्ता, लुंगी, पातळ सुती साडी आणि विशेष करून पंचा. लोकरीसारखा फुगलेला टॉवेल एकदा ओला झाला की सहलभर ओलाच राहतो. पंचा पिळून पंख्याखाली टाकला तर सकाळपर्यंत कामाला येतो. शिवाय ओले कपडे त्यात गुंडाळून घट्ट पिळले की कपड्यांतले बरेचसे पाणी पंच्यात उतरते. अंग पुसायला, डोक्याला गुंडाळायला, गाडीत खिडकीकडची ओली सीट पुसायला तोच. एवढी कामे करणारी दुसरी वस्तू बॅगेत नसते.

आता 'किती'. इथे जास्त कपडे नेणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. दोन रात्रींची सहल असेल तर धुणे-वाळवणे या भानगडीतच पडू नये. लागतील तेवढे जोड न्यावेत, भिजलेले वेगळ्या पिशवीत टाकून घरी आणावेत. हे सरळ गणित आहे. मुक्काम पाच-सहा दिवसांचा झाला की ते उलटते. दहा जोड नेले तरी चौथ्या दिवशी सात ओले असतात आणि ओल्या कपड्यांचे वजन तुमच्याच खांद्यावर असते. तेव्हा तीन-चार पातळ जोड, एक साबणाची वडी आणि वाळवायची जागा हाताशी असलेले बरे. पणजीच्या हॉटेलात एसीच्या खोलीत कपडे रात्रीत वाळतात, कारण एसी हवेतले पाणी काढून बाहेर टाकतो. खेडेगावातल्या घरगुती निवासात वीज गेली की पंखाही नाही. तिथे चुलीच्या उबेला दांडीवर टाकलेले कपडे वाळतात खरे, पण धुराचा वास घेऊनच येतात. ज्याला तो वास चालतो त्याने तीन जोडांत भागवावे. ज्याला चालत नाही त्याने आणखी दोन घ्यावेत. राहण्याची जागा ठरल्याशिवाय कपड्यांची संख्या ठरवता येत नाही, एवढे खरे.

रेनकोट की छत्री, हा वाद तर पिढ्यान् पिढ्यांचा. छत्रीला हवा लागते, घाम येत नाही, देवळात गेलात तर दाराशी टेकवता येते. गावातल्या पाखाडीवरून, बाजारातून, स्थानकापासून रिक्षापर्यंत छत्रीसारखी सोय नाही. किनाऱ्यावर आणि घाटात मात्र वारा पाऊस आडवा आणतो आणि छत्री उलटी करतो. तिथे रेनकोट हवा. मग येतात महागडे, 'घाम बाहेर सोडणारे' रेनकोट. थंड प्रदेशात ते छान काम करतात. त्यांच्या कापडातून वाफ बाहेर जाते ती आतली हवा उबदार व दमट आणि बाहेरची थंड व कोरडी असते म्हणून. सत्तावीस अंशांच्या, नव्वद टक्के ओलीच्या हवेत आत-बाहेर फारसा फरकच उरत नाही. त्यामुळे हजारो रुपयांचा रेनकोट घातलेला माणूसही अर्ध्या तासात आतून घामाने भिजतो आणि दोनशे रुपयांचा घातलेलाही. दुचाकीवरून जाणाऱ्याला पँटसह रेनकोट लागेल, कारण वाऱ्याने त्याचा घामही उडतो आणि पाऊसही झोंबतो. पायी फिरणाऱ्याला खांद्यावरून सैल सोडलेला, बाजू उघड्या असलेला पोंचो बरा; त्याखाली पाठीवरची सॅकही झाकली जाते.

या बाबतीत भात लावणाऱ्यांकडे पाहावे. लावणीच्या वेळी वाकलेल्या पाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले असे. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकची खोळ आली. दोन्हींत डोके आणि पाठ झाकतात, हात-पाय खुशाल भिजतात. दिवसभर पाण्यात उभे राहणाऱ्याने संपूर्ण कोरडे राहण्याचा हट्ट केव्हाच सोडून दिलेला असतो. पर्यटकाने तो का धरावा? छाती आणि पाठ गारठू नये, डोके ओले राहू नये, रात्री अंगाला कोरडे कापड मिळावे, एवढे जमले तरी पुष्कळ झाले. यालाही अपवाद आहेत. तान्हे मूल, दम्याचा रुग्ण, सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा बरोबर असतील तर 'भिजले तर भिजले' ही भाषा चालणार नाही. त्यांच्यासाठी नेलेला जादा स्वेटर, कानटोपी आणि दुसरी चादर हे ओझे मानू नये.

पायांकडे मात्र सगळेच दुर्लक्ष करतात, आणि पावसाळी सहल बिघडते ती बहुधा पायांमुळे. कातडी बुटांना दोन दिवसांत पांढरी बुरशी येते. कापडी स्पोर्ट्स शूज ओले झाले की वाळता वाळत नाहीत; आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, दर दोन तासांनी बदलून ते जेमतेम घालण्याजोगे होतात. साधी रबरी चप्पल लगेच वाळते, पण ती चालताना चिखलाचे शिंतोडे थेट पाठीपर्यंत उडवते आणि शेवाळलेल्या जांभ्यावर तिच्याइतकी धोक्याची वस्तू नाही. कोकणातल्या पायऱ्या, गडगे, अंगणे, विहिरींचे काठ सगळे जांभ्याचे; जुलैत त्यावर हिरवे बुळबुळीत पांघरूण चढते. तिथे पाय घसरून मनगट मोडले की पुढची सगळी तयारी फुकट. मागे पट्टा असलेली, तळाला खोल खाचा असलेली रबरी किंवा प्लॅस्टिकची सँडल सर्वांत सोयीची. गमबुटात पाणी वरून शिरले की ते आतच राहते आणि पाय दिवसभर त्यात भिजत पडतो. हौसेच्या फिरण्याला ते निरुपयोगीच. तरीही संध्याकाळनंतर गवतातून, बागेतून जाणे भाग असेल त्याला गमबुटाची शिफारस करावी लागते, कारण घोणस आणि फुरसे या दोन्ही विषारी सापांची गाठ पायाशीच पडते. फुरसे तर हातभराहून लहान, जांभ्याच्या सड्यावर मातीच्या रंगात मिसळून जाणारे. गमबूट नेणे जमणार नसेल तर निदान विजेरी हातात हवी आणि पाय कुठे पडतो तिकडे नजर हवी.

बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलवटते त्या चिखल्या. शेतकऱ्याला त्या दरवर्षीच्या, पर्यटकाला नवीन. उपाय साधा आहे. खोलीवर आल्यावर पाय साबणाने धुवावेत, बेचक्यांतून पंचा फिरवून कोरडे करावेत, वर पावडर. डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम आधीपासून असेल तर तेही. यासाठी बॅगेत दोन जोड मोजे फक्त रात्रीसाठी ठेवावेत आणि ते दिवसा घालायचा मोह टाळावा. मधुमेह असलेल्याने तर ही गोष्ट वरच्या कप्प्यातच ठेवावी. त्याच्या पायाला झालेली बारीकशी जखम सहल संपली तरी संपत नाही.

जखमेवरून लेप्टोचा विषय निघतोच. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरणारे हे जंतू कापलेल्या-खरचटलेल्या कातडीतून अंगात शिरतात. कोकणाला हा आजार नवा नाही. भातशेतीत राबणाऱ्यांना त्याची सर्वांत जास्त धास्ती. प्रवाशाने साचलेल्या पाण्यातून चालणे टाळावे, जखम असेल तर तीवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. प्रतिबंधक गोळ्या मिळतात. पण त्या औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊन बॅगेत टाकाव्यात का? इथे 'असू दे, लागेल'वाल्यांना थांबवले पाहिजे. अँटिबायोटिक ही अडीअडचणीला असावी म्हणून ठेवायची वस्तू नाही. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावे आणि परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर 'मी पाण्यातून चाललो होतो' हे त्यांना आठवणीने सांगावे. बाकी औषधांत ओआरएसची पाकिटे, तापाची गोळी, चिकटपट्ट्या आणि डासांचे मलम एवढे पुरते. डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणून मलम रात्री झोपताना लावून भागत नाही. सकाळी निघतानाही लावावे लागते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. 'तिकडे सगळे मिळते' हे खोटे नाही. मे संपता संपता रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी, म्हापसा इथल्या बाजारांत छत्र्या, रेनकोट, रबरी चपला, ताडपत्र्या यांचे ढीग लागतात. तिथला दुकानदार कोणती चप्पल जांभ्यावर टिकेल हे मुंबई-पुण्याच्या मॉलमधल्या विक्रेत्यापेक्षा नक्की जास्त जाणतो. चार पैसे तिथे खर्च झाले तर चांगलेच. ओझे वाहून नेऊन आपण त्या बाजाराला पाठ दाखवतो, हाही मुद्दा आहे. पण हा युक्तिवाद तालुक्याच्या गावापाशी संपतो. तिथून आत वीस किलोमीटरवरच्या वाडीत रात्री आठ वाजता दहा नंबरची सँडल, रक्तदाबाची ठरावीक गोळी, बाळाचे विशिष्ट दूध किंवा चष्म्याची दुसरी जोडी मिळणार नाही. आमच्या मते रेघ इथे ओढावी. तुमच्याच शरीराला लागणारी, मापाची किंवा नावानिशी लिहून दिलेली वस्तू घरून न्यावी. कोणालाही चालेल अशी वस्तू तिथे घ्यावी. सँडल पहिल्या यादीत, छत्री दुसऱ्या.

मोबाइलबाबत हल्ली एक वेगळीच अडचण झाली आहे. तिकीट त्यात, पैसे त्यात, ओळखपत्र त्यात, नकाशा त्यात आणि विजेरीही त्यातच. एक वस्तू भिजली की पाच वस्तू गेल्या. सुट्या नोटा नेणे जुनाट वाटते. पण वादळी पावसात वीज गेली, टॉवर बंद पडला की घाटातला चहावालाही क्यूआर कोडकडे बोट दाखवून मान हलवतो. म्हणून थोडी रोख, आधार कार्ड आणि तिकिटाची छापील प्रत झिपच्या पाकिटात, वेगळी विजेरी आणि भरलेली पॉवर बँक एवढी पुनरुक्ती करावीच. फोन भिजलाच तर तांदळाच्या डब्यात खुपसू नये. पीठ आणि कण चार्जिंगच्या खाचेत जातात. पाणी झटकून तो पंख्याखाली ठेवावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नये. कॅमेरा नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: एसीच्या खोलीतून थेट पावसात आणलेल्या भिंगावर धुके धरते, तेव्हा पिशवी बंद ठेवूनच त्याला दहा-पंधरा मिनिटे बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी.

सामान कोरडे ठेवायचे तर प्लॅस्टिक लागते, आणि महाराष्ट्रात २०१८ पासून पातळ कॅरीबॅगांवर बंदी आहे. ही बंदी योग्य आहे आणि पावसाळी प्रवाशाची गरजही खरी आहे. दोन्हींचा मेळ घालता येतो. दर सहलीला नवी दहा पिशव्यांची चवड घेण्याऐवजी गुंडाळून बंद होणाऱ्या जाड पिशव्या एकदाच घ्याव्यात. त्या वर्षानुवर्षे टिकतात. पूर्वी बिछान्याला मेणकापड गुंडाळत, ते काही दर वर्षी टाकून देत नसत. बॅगेवर बाहेरून घालायचे कव्हर दिसायला देखणे असते, पण पाठीच्या बाजूने पाणी शिरतेच. म्हणून आतूनच अस्तरासारखी मोठी पिशवी लावावी आणि तिच्यात रात्रीचा जोड, औषधे, कागद ठेवावेत. बाकीचे भिजले तर भिजू द्यावे.

काय नेऊ नये यावर लिहायला फारसे नाही. पोहण्याचे कपडे आणि स्नॉर्केलिंगचा सरंजाम ठेवून द्यावा. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यांवर लाल बावटे असतात आणि मालवणच्या जलक्रीडा बंद असतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, तेव्हा समुद्राची भेट लांबूनच. ताज्या सुरमईच्या आशेने जाणाऱ्यांनी सुक्या मासळीवर समाधान मानावे. ती काही कमी चविष्ट नाही.

राहिली एक गोष्ट, जी बॅगेत मावत नाही: जादा वेळ. कोकण रेल्वे दर पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लावते, गाड्या मुद्दाम सावकाश चालवते. जोराच्या पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरवर आणते. तरीही जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल आला आणि गाड्या रद्द कराव्या लागल्या, वळवाव्या लागल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा गाड्या ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढताना होड्या वापराव्या लागल्या. ही गाडी कोल्हापूरची, पण प्रश्न तोच. असा प्रसंग आला तर तुमची चाकांची मोठी बॅग होडीत चढणार आहे का? हलक्या सामानाच्या बाजूने याहून जोरदार युक्तिवाद आम्हाला सुचत नाही. जड बॅगवाल्यांच्या बाजूनेही हाच प्रसंग बोलतो. अडकलेल्या डब्यात ज्याच्याकडे पाण्याची बाटली, दशम्या किंवा लाडू-चिवडा आणि एका दिवसाची जादा औषधे असतील त्याला शेजारचेही दुवा देतात. म्हणून दोन भाग करावेत. छातीशी धरता येईल अशा लहान पिशवीत एक दिवसाचा संसार असावा आणि उरलेले सामान असे असावे की वेळ पडल्यास सोडून देताना फार जिवावर येऊ नये.

गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला यातले बरेचसे लागू पडत नाही. त्याचे जुने कपडे गावच्या घरात असतात, पंचा वलणीवर असतो, विजेरी खुंटीला. त्याच्या पिशव्यांत असते ते दुसऱ्यांसाठी: पुतण्यांचे नवे कपडे, आईची साडी, कापूर, उदबत्त्या, सजावटीचे कागद, मिठाईचे डबे. म्हणजे स्वतः भिजला तरी चालेल, पण सामान कोरडेच पोचायला हवे. त्याने हलके प्रवास करावा असे सांगणे सोपे आहे, पण वर्षातून एकदा जाणारा माणूस हात हलवत कसा जाईल? त्याच्यासाठी सूचना एवढीच: कागद आणि कापूर मधोमध, भोवती कपडे, सगळ्यांत बाहेर साडीचा खोका नको, आणि मिठाई शेवटी भरावी, कारण गाडी रत्नागिरीला पाच तास उशिरा पोचली तर आधी तोच डबा उघडावा लागेल.